कोकणातल्या घराला नवी खोली काढताना: कागद, हद्द आणि पाया

गणपतीत मुंबईची मंडळी आली की घर पुरत नाही. ओटीवर पुरुष, माजघरात बायका-मुलं, पडवीत सामान आणि न्हाणीसमोर पहाटे पाचपासून रांग. आरती झाली की कुणीतरी म्हणतंच, "पुढच्या गणपतीपर्यंत मागच्या अंगाला एक खोली काढूया." दिवाळीनंतर गवंड्याला निरोप जातो, शिमग्यापर्यंत भिंती उभ्या राहतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात जुन्या-नव्या भिंतीच्या सांध्यात बोट जाईल एवढी भेग पडते.

आमच्याकडे हेच झालं. गुहागर तालुक्यात, जयगड खाडीकडे उतरणाऱ्या वाडीत आमचं जांभ्याचं घर आहे. वडिलांनी पंचवीसेक वर्षांपूर्वी मागच्या दाराला लागून स्वयंपाकघर आणि न्हाणी बांधली. जुनं घर कातळावर होतं. नवी खोली मात्र उताराकडे, माती टाकून सपाट केलेल्या भागावर आली. न्हाणीचं पाणी रिवाजाप्रमाणे कोपऱ्यातल्या माडाला सोडलं, म्हणजे नेमकं नव्या पायाच्या मुळाशी. भेग वर रुंद आणि खाली निमुळती होती. खोलीचं बाहेरचं टोक खचत असलं की भेग अशी पडते, हे आम्हाला फार उशिरा कळलं. सिमेंट भरून झालं, जाळी मारून झाली, दर पावसाळ्यात ती पुन्हा उघडत गेली. शेवटी खोली उतरवून नव्यानं बांधावी लागली.

त्या दोन खेपांतून एक गोष्ट मनात पक्की बसली. नवी खोली जुन्या घराच्या आधारानं उभी करायची नाही, तिला स्वतःचा पाया द्यायचा. हे जमिनीत जितकं खरं, तितकंच कागदावरही. जुनं घर शंभर वर्षं उभं आहे म्हणून त्याला जोडलेल्या खोलीला आपोआप मान्यता मिळत नाही. खाली लिहिलेला क्रम आम्ही दुसऱ्या वेळी पाळला तोच आहे.

आधी उतारे काढा

तलाठ्याकडून किंवा महाभूलेखच्या संकेतस्थळावरून सातबारा, फेरफार आणि ८अ काढा. गावठाणात घर असेल तर मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड. स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणांची मोजणी होऊन बऱ्याच गावांत मिळकत पत्रिका तयार झाल्या आहेत. आपल्या गावाची झाली आहे का, ते तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात विचारा.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. ग्रामपंचायतीचा नमुना ८, ज्याला आपण असेसमेंट उतारा म्हणतो, तो घरपट्टीचा कागद आहे. त्यावर वडिलांचं नाव असलं तर घरपट्टी कुणाकडून घ्यायची एवढंच त्यावरून ठरतं, जमिनीची मालकी ठरत नाही. मालकी सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर बघायची.

कोकणात सातबाऱ्यावर नावं किती असतात ते सांगायला नको. चार चुलत्यांची, त्यांच्या मुलांची, लग्न होऊन गेलेल्या आत्यांचीही. सगळ्यांची लेखी संमती घ्या. तोंडी संमती गणपतीत मिळते आणि होळीत मोडते. वाटप झालेलं नसेल आणि कुणी तक्रार केली, तर निम्मं झालेलं काम तसंच पावसात भिजत पडतं. संमतीपत्रात नव्या खोलीची लांबी-रुंदी आणि जागा लिहा आणि सोबत हाती काढलेला का होईना, नकाशा जोडा. ही खोली नंतरच्या वाटपात कुणाच्या हिश्श्यात धरायची, हेही त्याच कागदावर लिहून घ्या. आमच्याकडे हे शेवटचं वाक्य लिहायला दोन रात्री गेल्या, पण पुढची भांडणं तिथेच मिटली.

इतर हक्कात कुळाचा उल्लेख आहे का आणि जमीन भोगवटादार वर्ग २ आहे का, तेही बघा. कुळ कायद्यात मिळालेल्या किंवा वर्ग २ च्या जमिनीला सरकारच्या अटी चिकटलेल्या असतात. त्या तहसील कार्यालयात समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

गावठाणात आहात की बाहेर?

घाटावर गाव म्हणजे एका जागी दाटलेली घरं. कोकणात घरं वाड्यावाड्यांत विखुरलेली असतात. कित्येक वाड्या गावठाणाच्या नकाशात येतच नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहतात, पण कागदावर ती जमीन शेतीचीच असते. म्हणून "आम्ही गावात राहतो, म्हणजे गावठाणात" हे गृहीत धरू नका. गट नंबर घेऊन भूमी अभिलेख कार्यालयात गाव नकाशा बघा.

गावठाणाबाहेरच्या जमिनीसाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधली अकृषिक वापराची तरतूद लागू होते. कलम ४२-ड नुसार गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन प्रादेशिक योजनेत विकासयोग्य विभागात असेल, तर सरकारनं ठरवलेली रक्कम भरून ती अकृषिक मानली जाते. आपली वाडी त्या २०० मीटरमध्ये बसते का, हे मोजून घेण्यासारखं आहे. बसत असेल तर बरीच यातायात वाचते. अकृषिकचे नियम शासन निर्णयांनी बदलत आले आहेत, तेव्हा अर्ज करण्याच्या महिन्यातला ताजा निर्णय तहसीलमध्येच विचारा. दोन वर्षांपूर्वी शेजाऱ्यानं काय केलं त्यावर जाऊ नका.

परवानगी कुणाची?

मुंबईसारखे काही अपवाद सोडले तर बांधकामाला २ डिसेंबर २०२० च्या शासन मंजुरीनं आलेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. गुहागर, दापोली, लांजा, देवरुख, कणकवली, कुडाळ अशा नगरपंचायतींच्या गावांत आणि रत्नागिरी, चिपळूण, मालवण, वेंगुर्ला अशा नगरपरिषदांच्या शहरांत अर्ज तिथल्या कार्यालयाकडे, परवानाधारक अभियंत्यामार्फत जातो.

ग्रामीण भागासाठी एक सवलत सगळ्यांनी ऐकलेली असते: "सोळाशे फुटांपर्यंत परवानगी लागत नाही." हे अर्धंच खरं आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे साधारण १६०० चौरस फुटांच्या भूखंडावर बांधायचं असेल, तर मालकीचे कागद, जागेचा आणि इमारतीचा नकाशा, बांधकाम नियमावलीप्रमाणे असल्याचा परवानाधारक अभियंत्याचा दाखला हे सगळं ग्रामपंचायतीला देऊन आणि शुल्क भरून काम सुरू करता येतं. १५० ते ३०० चौरस मीटरच्या भूखंडाला ग्रामपंचायतीकडून बांधकाम सुरू करण्याचं प्रमाणपत्र घ्यायचं असतं. हा आकडा भूखंडाचा आहे, खोलीचा नाही. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर, म्हणजे तीन गुंठ्यांतच ३०० ची मर्यादा ओलांडली जाते. कोकणातलं साधं घर, खळं, विहीर आणि मागचे चार माड धरले तरी आवार दहा-बारा गुंठ्यांचं सहज होतं. खोली फक्त २०० चौरस फुटांची असली तरी अशा आवाराला ती सवलत लागू होईलच असं नाही. नगर रचना विभागाच्या जिल्हा कार्यालयात किंवा तहसीलमध्ये जाऊन आपली परवानगी कोण देणार, ते लेखी विचारून घ्या.

सवलत मिळाली तरी तिनं किनारा नियमन, पूररेषा, रेल्वे किंवा महामार्ग यांच्या अटी माफ होत नाहीत. परवानगीशिवाय केलेलं बांधकाम महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ खाली नोटीस देऊन पाडता येतं.

आपल्या भिंतीवरून कोणकोणत्या रेषा जातात

सगळ्यात जास्त घरं इथेच अडकतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायला हवा.

किनाऱ्यासाठी १८ जानेवारी २०१९ ची सागरी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना आहे. समुद्राच्या भरतीरेषेपासून जमिनीकडे ५०० मीटरपर्यंतचा पट्टा तिच्यात येतो. ग्रामीण भाग तिसऱ्या वर्गात मोडतो. त्यात २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त वस्ती असेल तर ५० मीटर आणि कमी असेल तर २०० मीटर ना-विकास क्षेत्र धरतात. आपल्याकडची बहुतेक खेडी विरळ वस्तीची, म्हणजे दुसऱ्या गटातली.

ना-विकास क्षेत्रात अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते, पण असलेला चटई निर्देशांक (एफएसआय), असलेलं जोत्याचं क्षेत्र आणि घनता न वाढवता. मागच्या बाजूला काढलेली नवी खोली जोत्याचं क्षेत्र वाढवते. म्हणजे "दुरुस्ती" या नावाखाली ती बसत नाही, आणि नेमकी तीच चूक गावोगाव होते. मच्छीमार आणि किनाऱ्यावरच्या पारंपरिक रहिवाशांच्या घरांसाठी वेगळ्या तरतुदी आहेत. आपण त्यांत मोडत असाल तर पुरावे जोडून अर्ज करा. ना-विकास क्षेत्राच्या पलीकडे, ५०० मीटरच्या आत, पारंपरिक वस्तीतली राहती घरं तळमजला अधिक एक मजला आणि ९ मीटर उंचीपर्यंत चालतात. स्वतःच्या राहत्या घराचं एकूण बांधकाम ३०० चौरस मीटरपर्यंत असेल तर फाईल राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे पाठवावी लागत नाही. स्थानिक प्राधिकरण ही अधिसूचना तपासून मंजुरी देऊ शकतं.

खाडीचं काय? "आम्ही समुद्रापासून दहा किलोमीटर आत आहोत" असं म्हणून माणसं निवांत राहतात. पण बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, कर्ली, तेरेखोल अशा खाड्यांमधून भरतीचं पाणी आतपर्यंत चढतं. उन्हाळ्याच्या सर्वांत कोरड्या दिवसांत पाण्यात दर हजारी पाच भाग क्षार आढळतात तिथपर्यंत नियम लागतो. खाडीकाठी हा पट्टा ५० मीटर किंवा खाडीच्या रुंदीएवढा, यांतलं जे कमी असेल तेवढा धरतात. आमच्या वाडीला समुद्र दिसतही नाही, पण खालची दोन घरं याच पट्ट्यात येतात.

हद्दीला खारफुटी असेल तर आणखी जपा. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानं खारफुटीभोवती ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकामाला मनाई आहे. चिप्यांची, म्हणजे खारफुटीचीच, झुडपं आपल्याच खाजणात (खाडीच्या पाण्याच्या दलदलीत) उगवली असली तरी ती आपली म्हणून तोडता येत नाहीत.

भरतीरेषा डोळ्यांनी ठरवायची नसते. मंजूर किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या नकाशात ती आखलेली आहे आणि स्थानिक वापरासाठी १:४००० प्रमाणाचे नकाशे असतात. आपला गट नंबर त्यावर दाखवून घ्या.

नदीकाठी पूररेषा येते. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम मिळत नाही. दोन्ही रेषांच्या मधल्या पट्ट्यात जोतं लाल रेषेच्या पूरपातळीपेक्षा किमान ४५ सेंटिमीटर वर घ्यावं लागतं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीनं चिपळूणमध्ये काय केलं हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हे ४५ सेंटिमीटर जाचक वाटणार नाहीत. नकाशात आपलं घर कुठेही असो, त्या पुराची किंवा २००५ च्या पुराची खूण एखाद्या जुन्या भिंतीवर राहिली असेल तर तिच्यापासून फीत लावून मोजा.

कोकण रेल्वेच्या हद्दीपासून ३० मीटरच्या आत बांधायचं तर रेल्वेचं ना-हरकत लागतं. मुंबई-गोवा महामार्गालगत इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा असतात. त्या सार्वजनिक बांधकाम किंवा महामार्ग विभागाकडून आखून घ्या. मध्ये आंबा-फणस येत असेल तर झाडतोडीची परवानगी वेगळी काढावी लागते.

मोजणी आणि शेजाऱ्याची हद्द

गडगा, म्हणजे दगडी कुंपण, ही हद्द नव्हे. आमचा गडगा दोन हात आत होता आणि शेजाऱ्यांचा बाहेर. मोजणी झाल्यावर दोघेही चकित झालो. तालुक्याच्या भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडे मोजणीचा अर्ज करा, खुणा दगडानं पक्क्या करा, मोजणीची क प्रत (मोजणी नकाशाची प्रत) जपून ठेवा. हद्दीपासून किती जागा मोकळी सोडायची ते भूखंडाचा आकार आणि समोरचा रस्ता पाहून नियमावलीप्रमाणे ठरतं. त्याशिवाय आपल्याकडे आणखी एक हिशेब आहे, पागोळीचा. नव्या छपराचं पाणी आपल्याच हद्दीत पडलं पाहिजे. भिंत हद्दीपासून दोन हात आत घेतली आणि कौलं दीड हात बाहेर काढली, की पावसाळ्यात पुढे उडणारी धार शेजाऱ्याच्या अंगणात पडते. भांडणं तिथून सुरू होतात. पाखाडीकडे (पायऱ्यांच्या दगडी वाटेकडे) जाणारी वहिवाट किंवा देवाची वाट असेल तर ती अडवू नका. कागदावर नसली तरी गाव ती विसरत नाही.

खड्डा खणून जमीन बघा

अभियंत्याला बोलावण्याआधीही हे स्वतः करता येतं. नव्या खोलीच्या चारही कोपऱ्यांवर एकेक खड्डा खणा, साधारण चार ते पाच फूट खोल. एक खड्डा जुन्या भिंतीपासून थोडा बाजूला घ्या म्हणजे जुना पाया किती खोल आहे तेही दिसेल. हे काम भाद्रपद-आश्विनात, पाऊस ओसरताना करा. जमिनीतल्या पाण्याची सर्वांत वरची पातळी तेव्हा दिसते. फाल्गुनात खणलेला कोरडा खड्डा फसवतो.

चारही खड्ड्यांत सारखंच खोल गेल्यावर एकच माती लागली तर निम्मी काळजी मिटली. कोकणात तसं क्वचित होतं. वर लाल माती, खाली जांभा आणि त्याखाली कधीकधी पांढरट-पिवळसर, ओली झाली की साबणासारखी निसटणारी माती. जांभा पक्का दिसला तरी त्यात पोकळ्या असतात. पहार आपटून बघा. खणखणीत आवाज आला तर ठीक. डबडब आवाज आला तर तेवढा भाग फोडून खाली काय आहे ते बघायचं आणि पोकळी दगड-काँक्रीटनं भरून घ्यायची.

उतारावरच्या घरांत एक कोपरा कातळावर आणि दुसरा भरावावर येतो. आमची पहिली खोली त्यानंच गेली. भराव टाकून तीन पावसाळे गेले म्हणजे तो बसला, ही समजूत चुकीची आहे. वरचा थर बसतो, खालचा नाही. पाया भराव ओलांडून मूळ जमिनीतच गेला पाहिजे, मग एका टोकाला तो सहा फूट खोल जावा लागला तरी चालेल. पायाचा तळ पायऱ्यापायऱ्यांनी उतरवायचा आणि प्रत्येक पायरी सपाट ठेवायची. तिरपा तळ ठेवला तर पाया उताराकडे सरकतो.

भातमळ्याच्या कडेला किंवा खाजणात मऊ, काळपट चिखलमाती लागते. तिथे साधा पाया चालत नाही आणि मातीची तपासणी करून अभियंत्याकडूनच आराखडा घ्यावा लागतो. हर्णै, गुहागर, तारकर्ली, वेंगुर्ल्याच्या पुळणीवर वाळू असते. वाळू चहूबाजूंनी बंदिस्त असेल तर भार चांगला घेते, पण चर खणला की कडा ढासळतात आणि पाणी लवकर लागतं. तिथे चर अरुंद आणि खोल करण्यापेक्षा उथळ आणि रुंद पट्टीचा काँक्रीट पाया अभियंते सुचवतात.

जुन्या पायाला धक्का न लावता

भारतीय मानकाप्रमाणे पाया मूळ जमिनीखाली किमान ५० सेंटिमीटर हवा. पक्क्या कातळावर वरची माती काढून त्याहून कमी चालतो. पण नवा पाया जुन्याच्या शेजारी येतो तेव्हा खरा धोका दोन्ही पाये किती खोल आहेत यातल्या फरकाचा असतो. नवा पाया जास्त खोल गेला तर जुन्या पायाखालची माती बाजूनं मोकळी होते आणि जुनी भिंत खाली येऊ शकते. मानकात यासाठी सोपा नियम आहे: शेजारच्या दोन पायांचे तळ वेगवेगळ्या पातळीवर असतील तर त्यांच्या जवळच्या कडा जोडणारी रेषा दोनास एक (आडवे दोन, उभा एक) यापेक्षा जास्त तीव्र नसावी. नवा पाया जुन्यापेक्षा दोन फूट खोल जाणार असेल तर तो जुन्यापासून किमान चार फूट दूर हवा.

"पण खोली तर लागूनच हवी," असं गवंडी म्हणणारच. मग खोलीची भिंत दूर सरकवून मधला भाग पडवीसारखा मोकळा ठेवा. किंवा अभियंत्याला पुढे झुकणारी तुळई काढायला सांगा, म्हणजे पाया दूर आणि भिंत जवळ राहील. जुन्या भिंतीलगतच खणायची वेळ आली तर सगळी लांबी एकदम उघडी करायची नाही. साधारण एक मीटरचा तुकडा खणायचा, त्यात काँक्रीट भरायचं, ते घट्ट झालं की एक तुकडा सोडून पुढचा घ्यायचा. पाऊस पडत असताना हे काम कधीही करू नका. जुनं घर चिखलमातीत बांधलेलं असेल तर भिंतीला आतून टेकू देऊन मगच कुदळ लावा.

जुन्या आणि नव्या भिंतीचे चिरे (जांभ्याचे कापीव दगड) एकमेकांत गुंतवू नका, सळया ठोकून त्यांना जोडू नका, नव्या स्लॅबचं ओझं जुन्या भिंतीवर टाकू नका. जोत्यापासून छपरापर्यंत दोन्हींमध्ये २० ते २५ मिलिमीटरचा सांधा सरळ सोडा, त्यात लवचीक पट्टी घाला आणि तोंडाला सीलंट लावा. नवं घर पहिल्या काही वर्षांत थोडं बसतंच. सांधा असेल तर ते एकटं बसतं, जुन्याला ओढत नाही. सांध्यावरून पाणी आत येऊ नये म्हणून छपराच्या जोडावर रुंद पत्र्याची पन्हळ बसवा आणि ती वर्षातून एकदा साफ करता येईल एवढी जागा ठेवा. दरवाज्यात जिथे जुनी आणि नवी फरशी मिळते तिथे उंबरा घ्या, एकसंध फरशी घालू नका.

पायाचं बांधकाम

एक मजली, चिऱ्याच्या भारवाही भिंतींच्या खोलीसाठी पक्क्या जमिनीत जी पद्धत चालते ती सांगतो. प्रत्यक्ष मापं अभियंत्याची. चराचा तळ सपाट करून त्यात चार ते सहा इंच साधं काँक्रीट, त्यावर पायरीपायरीनं अरुंद होत जाणारं चिऱ्याचं बांधकाम, आणि जोत्याच्या पातळीवर चहूबाजूंनी सलग लोखंड घातलेला काँक्रीटचा पट्टा. हा पट्टा वगळून पैसे वाचवू नका. जमीन थोडी असमान बसली तरी तो खोलीला एकत्र धरून ठेवतो. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांना आठवतो. जोत्यावर, दारं-खिडक्यांच्या वर आणि छपराखाली असे तीन पट्टे असले तर चिऱ्याचं घर धक्का बरंच सोसतं.

चिरा खाणीतून काढल्यावर मऊ असतो आणि हवेत घट्ट होतो. म्हणून खाणीतून आलेला चिरा तीन महिने उघड्यावर ठेवून मगच वापरायचा असं भारतीय मानक सांगतं. जुने गवंडीही तेच सांगायचे. दिवाळीत बांधायचं असेल तर चिरा मे महिन्यातच आणून ठेवा. पांढरट, मातकट डाग असलेला आणि बोटानं खरवडला जाणारा चिरा पायात घालू नका.

लोखंड आणि काँक्रीटबद्दल मी आग्रहानं लिहितो, कारण किनाऱ्यावरची घरं इथेच सडतात. पंधरा-वीस वर्षांत स्लॅबचे पापुद्रे पडून गंजलेली सळई दिसते. आयएस ४५६ मानकात किनाऱ्याच्या उघड्या हवेसाठी एम ३० दर्जाचं काँक्रीट, घनमीटरला किमान ३२० किलो सिमेंट, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ पेक्षा जास्त नाही आणि सळईवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचं आवरण असं सांगितलं आहे. खाऱ्या तुषारांच्या माऱ्यात घर असेल तर एम ३५ आणि ५० मिलिमीटर. पायाच्या काँक्रीटला आवरण किमान ५० मिलिमीटर असलं पाहिजे. घमेल्यानं मोजलेला एकास दीडास तीनचा (सिमेंट, वाळू, खडी) माल एम २० च्या आसपास जातो, म्हणजे किनाऱ्याला अपुरा. एम ३० साठी मिश्रणाचं प्रमाण प्रयोगशाळेतून काढून घ्यावं लागतं. जवळ आरएमसीचा, म्हणजे तयार काँक्रीटचा, प्लांट असेल तर तिथून घ्या.

खाडीची वाळू वापरू नका, कितीही स्वस्त मिळाली तरी. तिच्यातलं मीठ आतून सळई खातं. क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, घ्या. खाडीकाठच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात मचूळ लागत असेल तर ते तपासून घ्या. लोखंडाच्या काँक्रीटला पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराईड चालत नाही. सिमेंट पोझोलाना किंवा स्लॅगचं घेतलं तर क्षार आत शिरायला वेळ लागतो, मात्र त्याला पाणी किमान १० दिवस मारावं लागतं.

आणि सळईखाली चिऱ्याची कपची ठेवू देऊ नका. गवंडी सवयीनं ठेवतात. चिरा पाणी शोषतो, ते पाणी थेट सळईला लागतं आणि गंज नेमका तिथून सुरू होतो. काँक्रीटचे कव्हर ब्लॉक आधीच पाडून ठेवा.

ओल, वाळवी, सांडपाणी

जोतं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किमान ३० सेंटिमीटर वर हवं असं नियमावली सांगते. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पावसाच्या प्रदेशात मी तरी दोन फूट धरेन. जांभा ओल वर ओढतो, म्हणून जोत्याच्या पातळीवर ओलरोधक थर सलग हवा, दरवाज्याखालीही. जोत्यात भरलेली माती सहा-सहा इंचांच्या थरांत पाणी मारून धुमसानं ठोका. वाळवीचं औषध चर बुजवण्याआधी आणि जोत्याच्या भरावावर परवानाधारक माणसाकडून मारून घ्या. विहीर जवळ असेल तर ते त्याला आधी सांगा.

नव्या न्हाणी-संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून किमान १८ मीटर आणि राहत्या घरापासून ६ मीटर दूर, असं भारतीय मानक आहे. जांभ्यात भेगा आणि पोकळ्या असल्यानं पाणी कुठल्याकुठे निघतं. तेव्हा अंतर वाढवता आलं तर वाढवाच आणि खड्डा विहिरीच्या उताराकडच्या बाजूला घ्या. माडाला पाणी द्या, पण पाइपनं, घरापासून दूरच्या माडाला. पागोळीखाली दोन फूट रुंद काँक्रीटची पट्टी घाला आणि तिचा उतार घरापासून बाहेर ठेवा.

मागची पडवी नुसत्या खांबांवर पत्र्याची करायची असेल तर पायाचं काम उलटं असतं. तिथे वजन पेलण्यापेक्षा वाऱ्याला धरून ठेवायचं असतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, दिवेआगर, दापोलीकडे कितीतरी पत्रे खांबांसकट उपटले गेले. खांब काँक्रीटच्या ठोकळ्यात खोल पुरून बोल्टनं बांधा. पत्र्याला जे-हूक घाला, आणि कडेच्या ओळींना दाट घाला.

वेळेचा हिशेब

श्रावणात उतारे आणि संमती, भाद्रपद-आश्विनात खड्डे, त्याच सुमारास मोजणी आणि परवानगीचा अर्ज. परवानगी हातात आल्यावर दिवाळीनंतर पाया. पौषापर्यंत जोतं, अक्षय तृतीयेपर्यंत छप्पर. परवानगी लांबली तर काम पुढच्या दिवाळीवर ढकला. घाईनं मे महिन्यात चर खणला आणि मृगाचा पाऊस लवकर आला, की उघड्या चरात पाणी साठून जुना पायाही भिजतो.

खोली पूर्ण झाल्यावर ग्रामपंचायतीत नमुना ८ ला तिची नोंद करून घ्या आणि परवानगीचे कागद, मोजणीची क प्रत, संमतीपत्र आणि पाया उघडा असतानाचे फोटो एका फाईलमध्ये ठेवा. आमच्या दुसऱ्या खोलीच्या पायाचे फोटो आज मुलाच्या फोनमध्ये आहेत आणि त्यांची छापील प्रत फाईलमध्ये. पहिल्या पावसाळ्याआधी सांध्याजवळ दोन्ही भिंतींवर पेन्सिलनं समोरासमोर खुणा करा, त्यांच्यातलं अंतर मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा, आणि आषाढ, भाद्रपद, कार्तिक असं तीनदा पुन्हा मोजा. फरक वाढत वाढत गेला तर सीलंट भरण्याआधी अभियंत्याला बोलवा. आमच्याकडे पहिल्या वर्षी दोन मिलिमीटर वाढलं आणि तिथेच थांबलं.